मॉर्फोलिनो टोचलं की मार्कर गायब? आधी एम्ब्रियो लेट आहे का ते बघा

हा प्रश्न सारखा सारखा येतोय म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. झेनोपस लेव्हिस या बेडकाच्या एम्ब्रियोत एक पेशी असतानाच पॅक्स३ या जीनचं मॉर्फोलिनो (त्या जीनचं काम अडवणारा कृत्रिम तुकडा) टोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी फिक्स करायचं (वाढ तिथेच थांबवून जतन करायचं), मग स्नाय२ चा इन सिटू लावायचा (म्हणजे तो जीन कुठे चालू आहे ते रंगाने दाखवायचं; जुन्या पेपरांत याच जीनला स्लग म्हणतात), आणि बघितलं तर न टोचलेल्यांत न्यूरल प्लेटच्या (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारा थर) दोन्ही कडांना छान जांभळे पट्टे, टोचलेल्यांत फिके नाहीतर गायबच. मस्त. गाइड खूश, स्लाइड तयार. मग पुढच्या बॅचला कंट्रोल मॉर्फोलिनोवालेही (तुलनेसाठी, बेडकात टार्गेट नसलेलं टोचलेले) फिके येतात, त्याच्या पुढच्या बॅचला पॅक्स३ वालेसुद्धा बऱ्यापैकी रंगतात, आणि मग रात्री उशिरा मेसेज येतो, "ताई परत तेच झालं, मॉर्फोलिनो खराब झालं असेल का, नवीन मागवू का?"

नको मागवू. महाग असतं ते, आणि बहुतेक वेळा दोष त्याचा नसतोच. झालेलं एवढंच असतं की टोचलेले एम्ब्रियो वाढीत मागे पडलेत आणि आपण घड्याळ बघून दोन्ही डिश एकाच वेळी फिक्स केल्यात. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला वेळेवर आली नाही म्हणून कोणी गाडी रद्द झाली म्हणत नाही, आधी लेट आहे का विचारतो. इथे मात्र पट्टा दिसला नाही की लगेच "एक्सप्रेशन गेलं" असं लिहून मोकळे होतात लोक.

यातली खरी गोची अशी की आलेलं उत्तर अपेक्षितच असतं. पॅक्स३ आणि झिक१ हे दोन जीन न्यूरल प्लेटच्या कडेला न्यूरल क्रेस्ट (तिथून निघून शरीरभर पसरणाऱ्या पेशी, स्नाय२ हा त्यांचाच मार्कर) तयार व्हायला लागतात हे झेनोपसमध्येच दाखवलेलं आहे, त्यामुळे पॅक्स३ दाबलं आणि स्नाय२ कमी झालं यात कोणाला शंका यायचं कारणच नसतं. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आलं की ते कोणी तपासत नाही. कंट्रोलने दगा दिला की मगच डोकं खाजवायला सुरुवात होते.

आता आकडे बघा. न्यूकूप आणि फेबरच्या तक्त्यात (झेनोपसच्या वाढीच्या टप्प्यांचा, म्हणजे स्टेजचा तक्ता) २२ ते २४ अंशाला स्टेज १० साधारण ९ तासांनी येते, स्टेज १२.५ सव्वाचौदा तासांनी, स्टेज १५ साडेसतरा तासांनी आणि स्टेज २० पावणेबावीस तासांनी. म्हणजे गॅस्ट्रुलेशन (पेशींचे थर आत वळायचा टप्पा) संपत असताना आणि न्यूरल प्लेट उमटत असताना तीन तासांत एम्ब्रियोचा चेहरामोहरा बदलतो. स्नाय२ गॅस्ट्रुलेशनच्या शेवटाशेवटाला दिसायला लागतं आणि स्टेज १४-१५ ला ठसठशीत होतं, म्हणजे तुमचा टोचलेला एम्ब्रियो दोन-तीन तास जरी मागे असेल तरी तो फिकाच दिसणार, त्यात पॅक्स३ असो नाहीतर नसो.

याहून फसवं उदाहरण क्रॉक्स२० चं, ज्याला आता ईजीआर२ म्हणतात. मागच्या मेंदूत त्याच्या दोन पट्ट्या असतात, आर३ आणि आर५ (मागच्या मेंदूचे तिसरा आणि पाचवा भाग), पण दोन्ही एकदम येत नाहीत, आधी आर३ ची येते आणि मग आर५ ची. मागे पडलेला एम्ब्रियो नेमक्या मधल्या वेळेत फिक्स झाला तर एकच पट्टी दिसते आणि आपण थाटात लिहितो की आमचा जीन आर५ साठी लागतो. पट्टी स्पष्ट, बॅकग्राउंड स्वच्छ, फोटो देखणा, आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

तर पहिली गोष्ट, फिक्स करायच्या आधी डिशमधले एम्ब्रियो उलटे करून खालून बघा. मेम्फात (फिक्स करायच्या द्रावणात) टाकल्यावर नाही, आधी. ब्लास्टोपोर (पेशी जिथून आत जातात ते भोक) कुठवर आलाय? योक प्लग (त्या भोकातून डोकावणारा बलकाचा गोळा) गोल दिसत असेल तर तो अजून १२ च्या आसपास आहे. फट झाली असेल तर १२.५-१३. वरून न्यूरल प्लेट सपाट दिसतेय की कडा उचलायला लागल्यात ते बघा. न टोचलेल्यांच्या कडा वर आल्यात आणि टोचलेल्यांचा योक प्लग अजून बाहेर डोकावतोय, असं असेल तर त्या दोन डिशची तुलना करण्यात काही अर्थ नाही, कितीही सुंदर इन सिटू करा. स्टेज जुळवून फिक्स करा, तास जुळवून नाही. न टोचलेले आधी १५ ला पोचले तर त्यांना आधी फिक्स करा, टोचलेले पोचतील तेव्हा त्यांना, आणि कुठला गट किती उशिरा पोचला ते वहीत लिहा, कारण तो उशीर हाही डेटाच आहे.

आणि याच्यापुढची टेस्ट, जी मला वाटतं सगळ्यात कामाची आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. टोचलेल्या एम्ब्रियोंचे दोन भाग करा, अर्धे नेहमीच्या वेळी फिक्स करा आणि अर्धे दोन-तीन तासांनी (१६-१७ अंशाला ठेवत असाल तर आणखी उशिरा). सिग्नल उशिरा का होईना आला तर तो लेट होता. स्टेज १७-१८ ला न्यूरल फोल्ड जवळ आलेत, बाकी सगळं जागेवर आहे आणि तरीही स्नाय२ नाही, तेव्हा मग बोला नॉकडाउनबद्दल. सोबत सॉक्स२ चाही (न्यूरल प्लेटचा मार्कर) इन सिटूचा प्रोब लावा. न्यूरल क्रेस्ट कमी होऊन सॉक्स२ चा पट्टा रुंद झाला असेल तर पेशींनी खरंच वाट बदललीय. स्नाय२ पण फिकं, सॉक्स२ पण फिकं, मायोडी (स्नायूंचा मार्कर) पण फिकं, म्हणजे एम्ब्रियो आजारी आहे, यापलीकडे त्यातून काही काढू नका.

बरं, मागे का पडतात? इथे नाशिकची हवा येते मध्ये. बऱ्याच कॉलेजांत आपल्याकडे खास बेडकांचा इन्क्युबेटर वगैरे नसतो, मायक्रोबायोलॉजीकडून मागून आणलेला बीओडी (थंडही करणारा साधा इन्क्युबेटर) असतो. लेव्हिसचे एम्ब्रियो साधारण १४ ते २३ अंशांत नीट वाढतात, त्याच्या वर गेलं की गॅस्ट्रुलेशन बिघडायला लागतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३९-४० असताना टेबलावरची पेट्री डिश बघता बघता २९-३० ला जाते. आता होतं काय की टोचायचं काम एसीच्या खोलीत, दोन तास डिश थंड, आणि न टोचलेली भावंडं "त्यांना काय करायचंय" म्हणून बाहेर टेबलावर पंख्याखाली. झाली की तफावत सुरू, अजून इंजेक्शन संपलंही नाही! डिसेंबर-जानेवारीत उलटं, सकाळी लॅबच पंधरा-सोळा अंशांवर असते, न टोचलेले आधीच बीओडीत २० अंशांवर बसलेत आणि टोचलेले थंडीत कुडकुडतायत. १४-१५ अंशाला वाढीला २३ च्या मानाने दुपटीहून जास्त वेळ लागतो, तेव्हा दोन तासांचा हा फरक किरकोळ समजू नका. म्हणून न टोचलेली डिशसुद्धा टोचलेल्या डिशसोबतच फिरली पाहिजे, त्याच खोलीत, त्याच फायकॉलमध्ये (टोचताना एम्ब्रियो ठेवायचं दाट द्रावण), तेवढाच वेळ. आणि तिसरी डिश नुसतं पाणी आणि ट्रेसर (कुठे टोचलं ते दाखवणारा रंग) टोचलेल्यांची, म्हणजे सुई खुपसल्याचा परिणाम किती आणि मॉर्फोलिनोचा किती हे वेगळं कळतं.

बीओडीच्या दारावरचा आकडा म्हणजे डिशमधलं तापमान नव्हे, हेही सांगून ठेवते. वरच्या आणि खालच्या कप्प्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो, त्यामुळे कंट्रोल वर आणि टेस्ट खाली असं ठेवू नका, एकाच कप्प्यात शेजारीशेजारी ठेवा आणि एका रिकाम्या डिशमध्ये पाणी भरून त्यात प्रोबवाला थर्मामीटर सोडा. लाइट जाते तेव्हा तर विचारूच नका. उरलेल्या कप्प्यांत पाण्याने भरलेल्या बाटल्या रचून ठेवल्या की लाइट गेल्यावर तापमान सावकाश चढतं, मे महिन्यात रात्रीसाठी माशांच्या दुकानातला थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक तयार ठेवा. हसू नका, चालतं.

आता मुळात सगळे सकाळी नऊला फिक्स का करतात? कारण सकाळी दहाला फर्टिलायझेशन केलं तर २३ अंशाला स्टेज १५ पहाटे साडेतीनला येते आणि तेव्हा गंगापूर रोडवर कुत्र्यांशिवाय कोणी जागं नसतं. म्हणून १६-१७ अंशाला ठेवून सकाळपर्यंत लांबवतात. लांबवा की, पण आल्या आल्या स्टेज बघा, बॅग ठेवून थेट मेम्फाची बाटली उचलू नका.

मीठ आणि फायकॉलचं थोडक्यात. टोचताना ०.३ ते ०.५ एक्स (मूळ ताकदीच्या तेवढ्या पट) एमएमआर या मिठाच्या द्रावणामध्ये ३-४ टक्के फायकॉल ठीक आहे, पण स्टेज ८-९ च्या आत म्हणजे गॅस्ट्रुलेशन सुरू व्हायच्या आधी ०.१ एक्स एमएमआरमध्ये घेतलेच पाहिजेत, जेंटामायसिन घालून. जास्त मिठात राहिले तर एंडोडर्म (सगळ्यात आतला थर) आत जायच्या ऐवजी बाहेर लोंबतं, त्याला एक्सोगॅस्ट्रुला म्हणतात, आणि थोडंच जास्त असेल तर एवढं नाट्यमय काही दिसत नाही, नुसता ब्लास्टोपोर बंद व्हायला उशीर लागतो. आपला प्रॉब्लेम तोच. आणि न टोचलेले तर कधी फायकॉलमध्ये गेलेच नव्हते, ते पहिल्यापासून ०.१ मध्ये सुखात!

डोसचं मात्र जरा सविस्तर, कारण इथे लोक फार ढिलाई करतात. थेंबाचा व्यास मिनरल ऑइलमध्ये मायक्रोमीटर स्लाइडवर मोजायचा. २१२ मायक्रॉन म्हणजे ५ नॅनोलिटर, २६७ मायक्रॉन म्हणजे १० नॅनोलिटर. डोळ्यांना दोन्ही थेंब "साधारण सारखेच" वाटतात आणि आतला माल दुप्पट असतो, कारण आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं. सुईचं टोक मधेच जेलीच्या अवशेषाला किंवा डिशला लागून तुटलं की थेंब मोठा होतो आणि पुढचे पन्नास एम्ब्रियो भलत्याच डोसचे. म्हणून सुरुवातीला एकदाच नाही, मधे मधे थेंब मोजा. २५ बेसच्या मॉर्फोलिनोचं वजन ढोबळ ८५०० धरा, म्हणजे १ मिलीमोलरमध्ये मायक्रोलिटरला साडेआठ मायक्रोग्रॅम, आणि त्याचा १० नॅनोलिटर टोचला तर तब्बल ८५ नॅनोग्रॅम. एवढ्याने कुठलंही मॉर्फोलिनो काहीतरी करून दाखवेलच! पाव मिलीमोलरचा ५ नॅनोलिटर म्हणजे दहा-अकरा नॅनोग्रॅम, तिथून सुरू करा, ५, १०, २०, ४० असा डोस कर्व्ह काढा आणि प्रत्येक डोसला ब्लास्टोपोर बंद व्हायची वेळ लिहा. ज्या डोसला कंट्रोल मॉर्फोलिनोही उशीर करायला लागतं त्याच्या खाली राहा. नेहमीचं स्टँडर्ड कंट्रोल मॉर्फोलिनो माणसाच्या बीटा ग्लोबिनमधल्या थॅलेसेमियाच्या एका म्यूटेशनवर बेतलेलं आहे, बेडकात त्याला काही टार्गेट नाही, पण म्हणून ते कितीही टोचलं तरी निरुपद्रवी असं नाही. २०१८ मध्ये ट्रॉपिकॅलिस या दुसऱ्या झेनोपसवर झालेल्या कामात मॉर्फोलिनोमुळे इम्यून जीन चालू होणं आणि भलत्याच जीनचं स्प्लायसिंग (एमआरएनएची काटछाट-जोडणी) बिघडणं हे सर्रास होतं असं दिसलं, आणि झेब्राफिशमध्ये पी५३ हा जीन चालू होऊन पेशी मरतात हे २००७ पासून माहीत आहे.

मॉर्फोलिनो खरंच खराब झालंय का हेही बघता येतं, मागवायच्या आधी. फ्रीजरमध्ये काढ-घाल केली की ते द्रावणातून बाहेर येतं आणि ट्यूबच्या तळाशी बसतं, आणि मग वरचं पाणी टोचून आपण म्हणतो काम करत नाही. ६५ अंशाला ५-१० मिनिटं गरम करा, ढवळा, ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये पातळ करून २६५ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. लेबलवरचं कॉन्सन्ट्रेशन आलं तर माल शाबूत आहे.

आता डिझाइन. एका पेशीत टोचून सगळा एम्ब्रियो नॉकडाउन करण्यापेक्षा दोन पेशी होऊ द्या आणि एकीत टोचा. लेव्हिसमध्ये पहिलं विभाजन बहुतेक वेळा डावी-उजवी बाजू वेगळी करतं, त्यामुळे दुसरी बाजू हाच तुमचा कंट्रोल, तेच अंडं, तीच आई, तीच डिश, तोच कप्पा. वर लिहिलेल्या निम्म्या भानगडी इथेच मिटतात. मात्र चीर पूर्ण होईपर्यंत थांबा, घाईत टोचलं तर दोन पेशींमधून माल पलीकडे झिरपतो. ट्रेसर हवाच, फ्लुओरेसिन डेक्स्ट्रान टाका, फ्लुओरेसन्सचा स्टीरिओ नसेल तर लॅकझेडचा एमआरएनए टोचून रेड-गॅलने लाल रंगवा, जांभळ्या इन सिटूशेजारी लाल छान उठून दिसतो. दोन्ही बाजूंना लाल दिसणारे बाजूला काढा. टोचलेली अर्धी बाजूसुद्धा मागे पडू शकते, नाही असं नाही, पण मग फोल्ड एकीकडे उंच आणि एकीकडे सपाट असं समोर दिसतंच.

हा पुढचा प्रश्न वेगळा आहे पण त्याच लोकांकडून येतो: "पॅक्स३ चं मॉर्फोलिनो टोचलं तरी पॅक्स३ चा इन सिटू तसाच येतोय, म्हणजे नॉकडाउन झालंच नाही ना?" अहो, एटीजीवर (प्रोटीन जिथून सुरू होतं त्या जागेवर) बसणारं मॉर्फोलिनो एमआरएनए तोडत नाही, ते फक्त प्रोटीन बनू देत नाही. प्रोब एमआरएनएला चिकटतो, त्यामुळे सिग्नल येणारच, कधी कधी वाढलेलाही दिसेल. इथे वेस्टर्न (प्रोटीन दाखवणारी चाचणी) करा, किंवा मॉर्फोलिनोची टार्गेट जागा जीएफपीच्या पुढे जोडलेला एमआरएनए टोचून चमक जाते का बघा. स्प्लायसिंग अडवणारं असेल तर आरटी-पीसीआरवर बँड सरकलेला दिसतो, पण आईकडून आलेल्या तयार एमआरएनएवर त्याचा काही इलाज नाही.

आणि लेव्हिस म्हटलं की एल आणि एस, म्हणजे जीनच्या दोन प्रती. दोन जातींच्या संकरातून हा बेडूक झालाय, २०१६ ला त्याचा जीनोम आला त्यात निम्म्याहून जास्त जीनच्या दोन्ही प्रती शाबूत आहेत असं निघालं. मॉर्फोलिनो फक्त एल वर बसत असेल आणि एस मोकळी असेल तर परिणाम अर्धवट येतो, बॅचगणिक बदलतो आणि तुम्ही तापमानाला शिव्या देत बसता. दोन्ही सिक्वेन्स एकाखाली एक ठेवून २५ च्या २५ बेस जुळवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. जुळत नसेल तर दोन मॉर्फोलिनो, नाहीतर सरळ ट्रॉपिकॅलिस, तो डिप्लॉइड आहे (एल-एसची भानगड नाही) आणि त्याला २२ ते २८ अंश चालतात, नाशिकच्या उन्हाळ्यात हे काही कमी सुख नाही.

इन सिटूच्या बाजूने एकच म्हणणं, रंग थांबवायची वेळ. कंट्रोलच्या ट्यूबला "अजून थोडं येऊ दे" आणि टेस्टच्या ट्यूबला "बास, बॅकग्राउंड येईल" असं करू नका. एकाच वेळी सुरू, एकाच वेळी बंद. एका बाजूला टोचलेल्यांत तर दोन्ही बाजू एकाच ट्यूबमध्ये असतात, तो वादच नाही. मोजणी करणाऱ्याला कुठली ट्यूब कुठली ते सांगू नका, आणि एकाच मादीच्या अंड्यांवर पेपर लिहू नका, निदान तीन माद्या. मे महिन्यात अंडी मुळातच खराब येतात कधी कधी, न टोचलेलीच निम्मी सडली तर त्या दिवशीची बॅच सोडून द्या. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं आणि नळाला क्लोरीनचा वास वाढला की टाक्यांसाठी कार्बन फिल्टर आणि थायोसल्फेट विसरू नका, माद्या आजारी तर अंडीही तशीच.

हे सगळं निस्तरल्यावर रेस्क्यू. मॉर्फोलिनो बसणार नाही असा पॅक्स३ चा एमआरएनए सोबत टोचून स्नाय२ परत आणायचं. पॅक्स३ जास्त झालं तरी कडेचा भाग बिघडतो, म्हणून जीआर (डेक्सामेथासोन मिळालं तरच चालू होणारा स्विच) जोडलेला वापरा आणि गॅस्ट्रुलेशनच्या वेळी डेक्सामेथासोन घालून चालू करा, डेक्स न घातलेली डिश शेजारी ठेवा. इथेही तेच, रेस्क्यूवाले एम्ब्रियो नुसते वेळेवर आलेत म्हणून रंगले की पॅक्स३ मुळे रंगले हे ब्लास्टोपोर बघूनच ठरवा.

मला मेसेज करताना इन सिटूचा फोटो नंतर पाठवा. आधी फिक्स करायच्या अगोदरचे, खालून काढलेले दोन्ही डिशचे फोटो, डिशमधलं मोजलेलं तापमान, थेंबाचा व्यास, आणि फायकॉलमधून किती वाजता काढले ते लिहा. एवढं नसेल तर मी पण अंदाजच करणार.